रंगावर उभी राहिलेली चौकट

त्यांचं खरं आडनाव सांगायचं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागायचं. गल्लीत, रंगाच्या दुकानात, ठेकेदारांच्या तोंडी ते तीनहाते. बाकीचे रंगारी भिंतीवर रंगाचे दोन हात मारले की ब्रश धुवायला घेत. हे गृहस्थ तिसरा हात मारल्याखेरीज शिडीवरून उतरत नसत. घरमालक म्हणायचा, अहो, झालं की आता, छान दिसतंय. हे वरूनच सांगायचे की दुसरा हात बघणाऱ्यासाठी असतो, तिसरा भिंतीसाठी. असली वाक्यं त्यांच्याकडे डबाभर होती आणि डब्याचं झाकण कायम उघडं.

कोवळ्या वयात हातात पॉलिशपेपर आला तो सुटला नाही. आधी नुसतं घासायचं काम, मग भेगा आणि खड्डे बुजवायला लांबी भरायचं, मग प्राइमर, आणि बऱ्याच वर्षांनी उस्तादानं ब्रश हातात दिला. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, बड्या लोकांचे बंगले. शहरातली निम्मी दारं-खिडक्या त्यांच्या हाताखालून गेली असतील. पांढऱ्यात त्यांना सतरा पांढरे दिसायचे. एखाद्याच्या घरी नुसते पाहुणे म्हणून गेले, तरी पाणी पिताना त्यांची नजर पेल्यावरून कोपऱ्यातल्या पोपड्यावर जायची आणि मग यजमानाची खैर नसायची.

पण कामाची माणसाला खोडही लागते. तीनहात्यांची नजर वरच्या थरावर जायची आणि तिथंच थांबायची. भिंतीला फोड आला, की ओल. रंगाचा पोपडा सुटला, की ओल. दार घट्ट झालं, की ओल. ओल हा त्यांचा जन्माचा वैरी होता, आणि जगात ओलीशिवाय दुसराही वैरी असू शकतो हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. शेजाऱ्याचं पोट दुखलं तरी हे आधी त्याच्या घराची भिंत चाचपून बघतील, असं लोक म्हणायचे.

गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. खाली विटांच्या दोन खोल्या आणि वर लाकडाची एक. ती वरची खोली त्यांनी लेकीसाठी चढवली, ती शाळेत जात होती तेव्हा. खालच्या खोल्यांवर जाड तुळया टाकल्या, त्यांवर फळ्यांची जमीन केली, आणि वर जायला लाकडी जिना. सुतारकाम करणारा त्यांचा मित्र म्हणाला होता की जिन्याचे खांब थेट मातीत रोवू नकोस, खाली दगड घे. तीनहाते म्हणाले, खांबांना असा रंग देतो की माती त्यांना हात लावायला घाबरेल. सुतारानं कपाळावर हात मारला आणि खांब रोवले. लेकीनं निळा रंग निवडला, आणि तोही साधा नाही, ढग फाटल्यावर मध्येच जेवढा दिसतो तेवढाच निळा. त्या निळ्यासाठी तीनहात्यांनी अंगणात डबेच्या डबे ढवळले. चौकटींना दुधाळ पांढरा दिला. लेक खूश होती आणि बाप तिच्याहून खूश होता.

पुढे लेकीचं लग्न झालं, ती सासरी गेली. निघताना त्यांनी तिला सांगितलं होतं की वरची खोली तुझीच आहे, कधीही ये. सगळेच बाप असं सांगतात, आणि सांगताना मनात म्हणतात की तशी वेळ न येवो. तीनहाते फक्त एवढं जास्त करायचे, की थंडी सरली की दरवर्षी अख्खं घर नव्यानं रंगवायचे आणि सुरुवात वरच्या खोलीपासून. रंग ठरवायचा असला की लोक त्यांचं घर बघायला येत. हे त्यांना वर नेऊन सांगत, चौकटीवरून हात फिरवा, लोणी आहे लोणी. लोक हात फिरवायचे आणि माना डोलवायचे. ठोकून मात्र कुणी बघितलं नाही.

पहिली खूण काकूंच्या केरसुणीत आली. काकू म्हणजे तीनहात्यांची बायको. अख्खी गल्ली त्यांना काकू म्हणायची, म्हणून आपणही म्हणू. पावसाळी दमट संध्याकाळ होती, दिव्याभोवती पाखरं घिरट्या घालत होती, आणि सकाळी बघतात तो खिडकीच्या पट्टीवर आणि जिन्याखाली नुसते पंखच पंख. पाखरू एकही नाही. पातळ, फिक्या चहाच्या रंगाचे, फुंकर मारली तरी उडणारे. काकूंनी ते सुपलीत भरले आणि नवऱ्यापुढे धरले. तीनहाते पेपर वाचत होते. सुपलीकडे अर्ध्या डोळ्यानं बघून ते म्हणाले की मुंग्यांचे असतील, मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं समजावं. म्हण बरोबर होती, पण पंख मुंगीचे नव्हते. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख लांब असतात आणि मागचे आखूड. हे चारही एका मापाचे होते. दोन पांढऱ्यांमधला केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसानं त्या सुपलीत एकदा पुरत्या डोळ्यांनी बघितलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. काकूंनी पंख बाहेर फेकले आणि केर काढायला घेतला.

नंतर जिन्यामागच्या भिंतीवर मातीची एक रेघ आली. पेन्सिलीएवढी जाड, जमिनीतून निघून वाकडीतिकडी वर चढलेली आणि खांबाकडे वळलेली. हे काय आलंय, असं काकूंनी विचारलं. कुंभारीण माशीचं घर आहे, तीनहाते म्हणाले. आता कुंभारीण घर बांधते ते मुठीएवढं आणि एका जागी. ती कधी रस्ता बांधत नाही. पण हा विचार सुचायच्या आधीच खरवडायची पट्टी त्यांच्या हातात आली होती. त्यांनी रेघ खरवडली, जागा घासली, तीन हात मारले आणि भिंत पुन्हा नव्यासारखी केली. थोड्याच दिवसांत पहिल्या रेघेशेजारी दुसरी आली. तीही गेली, मग तिसरी आली. ही कुंभारीण भलतीच चिवट दिसते, असं ते कौतुकानं म्हणाले आणि पट्टी आणायला गेले.

मग वरच्या दाराच्या चौकटीवर, खालच्या अंगाला, फोड आला. काय असणार, ओल. त्यांनी फोड फोडला, लांबी भरली, घासून सारखी केली, रंगवली. पुढच्या वर्षी फोड हातभर वर सरकला आणि दार अडकायला लागलं. लाकूड दमट हवेत फुगतं, म्हणून त्यांनी दाराची कड घासली. मग खिडकी अडकू लागली, तीही घासली. चौकट जिथं बोटाखाली दबायची तिथं ते आणखी लांबी भरायचे. एका वर्षी त्या एका चौकटीनं डबाभर लांबी गिळली. दुसऱ्या कुणाला प्रश्न पडला असता की एवढी लांबी जातेय कुठं. तीनहात्यांना अभिमान वाटला, की एवढी भरूनही कुठं उंचवटा म्हणून नाही.

काकूंना ऐकूही येत होतं. जिना पुसताना बादली खांबाला लागली की पूर्वी भरीव ठक् व्हायचं, आता डब् व्हायला लागलं. दुपारी घर शांत असताना जिन्याखाली कान दिला तर आत कुणीतरी कागद चुरगाळतंय असं वाटायचं. त्यांनी सांगून पाहिलं.

"अहो, खांब पोकळ वाजतोय."

तीनहात्यांनी येऊन खांबावरून तळवा फिरवला. रंगाचे थर वाढले की आवाज बदलतो, असं त्यांनी समजावलं, आणि जाता जाता बायकोच्या कानांच्या वयावर एक विनोद केला. त्यानंतर काकूंनी तो विषय काढला नाही. इथं सगळं खापर एकट्या तीनहात्यांवर फोडणंही बरोबर नाही. घराचं कौतुक काकूंनाही गोड लागायचं, आणि ज्याला ऐकायचंच नाही त्याच्याशी बोलून बोलून माणूस दमतो. त्या रोज सकाळी भिंतीखाली पडलेली माती पुसून टाकायच्या, हंगामात पंख झाडून काढायच्या आणि गप्प राहायच्या. अशी त्या दोघांनी मिळून वाळवीची उत्तम बडदास्त ठेवली. एकानं खुणा रंगवल्या, दुसरीनं झाडल्या.

लेक मधूनमधून यायची. सुरुवातीला बडबडत यायची, मग नुसती यायची. नवरा बरोबर असला की चार शब्द जास्तच बोलायची आणि बोलताना एक डोळा त्याच्याकडे ठेवायची. पोरगी झाल्यावर माहेरपणाचे दिवस आपोआप कमी झाले. भर उकाड्यात ती लांब बाह्यांचे कपडे घालून यायला लागली. तीनहात्यांना कपड्याचा रंग आवडला, तो त्यांनी बोलूनही दाखवला. पोरीला अंघोळ घालताना लेकीनं बाह्या वर केल्या तेव्हा काकूंनी दंडावरचे वळ बघितले, आणि ती गेल्यावर नवऱ्याला सांगितलं.

त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी धुतलेला शर्ट घालून ते जावयाकडे गेले. जावयानं आदरानं बसवलं, चहा दिला, आणि पुढची खोली रंगवायची आहे, कोणता रंग शोभेल, असं विचारलं. तासभर रंगावर बोलून तीनहाते परत आले. माणूस सालस आहे, ते म्हणाले, भांड्याला भांडं लागतंच.

"तुम्हाला फोड दिसला की लांबी भरायची," काकू म्हणाल्या. "दुसरं काही येतच नाही तुम्हाला."

हे मात्र त्यांना लागलं. पण लागलेलं बुजवायचीही कला त्यांच्यापाशी होती, आणि त्या वर्षी त्यांनी वरच्या खोलीला तीनाऐवजी चार हात दिले.

त्यानंतर ते एका इमारतीच्या परांचीवरून पडले. जीव वाचला, कंबर गेली. शिडी चढणं बंद झालं आणि शिडीबरोबर कामही. ठेकेदार भला होता, तो अधूनमधून दुकानात बसायचं काम द्यायचा, तेवढ्यावर दोघांचं कसंबसं भागायचं. घर मात्र आपलं होतं. दुपारी ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की हातपाय थकले तरी डोक्यावरचं छप्पर कुणी काढून घेत नाही.

आणि एके दिवशी लेकीचा फोन आला. ती रडली नाही. शांतपणे म्हणाली,

"बाबा, मी येतेय. पोरीला घेऊन. आता परत जाणार नाही. वरची खोली आहे ना?"

"आहे म्हणजे? तुझीच आहे."

इतकी वर्षं जे दिसत होतं आणि बघितलं नव्हतं, ते आता दारात येऊन उभं राहणार होतं. त्यांना आपली लाज वाटली, आणि त्या लाजेच्या पोटात एक विचित्र आनंदही होता. जावयासमोर त्यांचं तोंड उघडलं नव्हतं, लेकीला त्यांनी कधी नीट विचारलं नव्हतं. पण तिला डोक्यावर छप्पर देणं अजून त्यांच्या हातात होतं. तेवढं एक झालं तरी बाकीच्याची भरपाई होईल, असं त्यांनी मनाशी धरलं. काकूंनी पोरीसाठी जुन्या चादरी काढून उन्हात घातल्या. हे ब्रश आणि डबे घेऊन, एकेका पायरीवर कंबर धरत वर गेले.

वर खोली निळी आणि शांत होती. दाराच्या चौकटीवर नेहमीच्या जागी फोड आला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे खरवडायच्या पट्टीचं टोक फोडाखाली घातलं आणि थोडा जोर दिला, आणि पट्टी मुठीपर्यंत आत गेली. अडली कुठंच नाही. त्यांना वाटलं आपली जुनी लांबी मऊ पडली असेल. त्यांनी पट्टी बाहेर ओढली तर तिच्याबरोबर रंगाचा पापुद्रा सुटला, आणि ते ओढत गेले तसा सुटतच राहिला, जमिनीपासून त्यांच्या छातीपर्यंत, शर्टाची बाही उलटी निघावी तसा अखंड. वर्षावर्षाचे सगळे हात त्यात होते, एकावर एक, गुळगुळीत, कुठं तडा नाही. आणि आत लाकूड नव्हतं. ओलसर माती होती, तिच्यात मध्ये मध्ये कागदासारख्या उरलेल्या लाकडाच्या शिरा, त्यांच्या लांबीचे पांढरे गोळे, आणि तांदळाच्या कणीएवढे फिके किडे, जे उजेड लागताच सैरावैरा आत पळाले. चौकट केव्हाच संपली होती. तीनहात्यांचा रंग तेवढा तिच्या आकारात उभा होता.

त्यांनी खिडकीला पट्टी लावली. ती आत गेली. कोपऱ्यातल्या फळीला लावली, भिंतीलगतच्या तुळईच्या टोकाला लावली. कुठं बोटभर, कुठं वीतभर, पण गेली सगळीकडे. ते तिथंच खाली बसले, आणि बसल्यावर त्यांना आठवलं की आपण कशावर बसलोय. मग ते भिंतीला धरून उठले, कडेकडेनं जिन्यापर्यंत आले आणि ज्या खांबांना माती हात लावायला घाबरणार होती त्यांना न धरता खाली उतरले.

काकू अंगणात चादर झटकत होत्या. तीनहात्यांनी हातातला पापुद्रा त्यांच्यापुढे धरला. काकूंनी तो बघितला, हातातल्या चादरीची नीट घडी केली आणि घरात न जाता ओट्यावर बसल्या.

दुसऱ्या दिवशी औषध फवारणारा माणूस आला. त्यानं टॉर्च लावून आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत ठोकत अख्खं घर फिरून बघितलं. प्रत्येक ठोक्याला तीनहाते मान वर करायचे, आणि प्रत्येक ठोका डब् वाजायचा. शेवटी तो हात पुसत बाहेर आला. औषध मारून किडा मरेल, तो म्हणाला, पण गेलेलं लाकूड परत येत नाही. वर कुणाला पाठवू नका, आणि खालीही झोपू नका, कारण तुळयाच गेल्यात आणि ते सगळं तुमच्या डोक्यावर आहे. हे उतरवावंच लागेल. मग, सगळ्यांना विचारत असेल तसं, त्यानं विचारलं की आधी काही दिसलं नव्हतं का. गळलेले पंख, मातीच्या नळ्या, फुगलेला रंग?

काकूंना इतक्या वर्षांत मिळाली नव्हती अशी संधी होती. त्यांनी ती जाऊ दिली.

"सगळं दिसलं होतं," तीनहाते म्हणाले. "मी त्यावर रंग दिला."

त्या माणसानं मान हलवली. बरेच लोक तसंच करतात, तो म्हणाला, वेळीच कळलं असतं तर जिन्याचा एक खांब बदलून भागलं असतं. त्यानं हे टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं, पण तीनहात्यांना त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

त्यांनी सुतार मित्राला बोलावून आणलं. तोही आता म्हातारा झाला होता. टेकू लावून, नव्या पट्ट्या जोडून, निदान एक कोपरा तरी धरता येईल का, असं तीनहाते त्याला विचारत राहिले. त्यानं खांबात एक खिळा ठोकून दाखवला. खिळा बोटानं ढकलावा तसा गेला आणि बोटानं ओढावा तसा निघाला. खिळ्यालाही धरायला लाकूड लागतं रे, तो म्हणाला. दगडाची जुनी गोष्ट त्यानं काढली नाही.

लेकीला थोडं थांबायला सांगावं म्हणून फोन लावला, तर तो लागेना. ती निघाली होती. तिनं यायचं ठरवलं होतं ते नवरा बाहेरगावी असताना, आणि तो परतायच्या आत बाहेर पडणं भाग होतं. इकडे ठेकेदारानं या दोघांना राहायला आपल्या गोदामात एक कोपरा दिला होता. भिंतीभर रंगाचे डबे, थिनरची पिंपं, उघडायला एकच खिडकी. दोघं म्हातारे आयुष्यभर त्या वासात जगलेले, त्यांचं भागणार होतं. नातीची छाती मात्र जन्मापासून नाजूक होती.

लेक आली तेव्हा पोर खांद्यावर झोपलेली होती आणि हातात एकच पिशवी होती. अंगणात उभी राहून तिनं वर बघितलं. खिडकी दुधाळ पांढरी होती, भिंत निळी होती, बाहेरून सगळं जसंच्या तसं होतं. तीनहात्यांनी तिला जिन्याच्या खांबात बोट घालून दाखवलं. तिनं पुढे होऊन आपणही एकदा बोट घातलं आणि काढून घेतलं.

त्या रात्रीपुरतं गोदामात राहून बघू, असं ठरलं. पण दिवस मावळायच्या आतच पोर खोकायला लागली, आणि मग खोकला थांबेना, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तिला बाहेर रस्त्यावर नेलं, तेव्हा कुठं तिच्या चेहऱ्याला रंग आला. काकूंनी भावाला फोन केला. त्यानं घरातल्या माणसांची अडचण सांगून हात वर केले. मैत्रिणींची दारं लेकीनं निघायच्या आधीच ठोठावून झाली होती, दोघींनी फोन उचलणंच बंद केलं होतं. एखादी खोली भाड्यानं घ्यावी तर आगाऊ द्यायला कुणाच्याच हातात काही नव्हतं. ओट्यावर झोपावं तर वरून ते सगळं कधी खाली येईल याचा नेम नव्हता. एकेक वाट निघायची आणि चार पावलांवर बंद व्हायची. शेवटी कुणी काही सुचवायचं राहिलं नाही, आणि लेकीनं पिशवी उचलली.

"मी जाते परत," ती म्हणाली. "तो यायच्या आत पोचेन. तुम्हाला बघायला गेले होते म्हणून सांगेन."

काकूंनी तिला घट्ट धरलं आणि मग सोडलं. तीनहाते पिशवी घेऊन तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेले. रस्ताभर त्यांना बोलायचं होतं आणि रस्ताभर ते इकडच्या तिकडच्या दुकानांच्या पाट्या बघत राहिले. थांब्यावर ती दोघंच होती. बापानं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं,

"खरं सांग. फार मारतो का गं?"

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. ती रागावली नाही. बाजारात एखादी वस्तू आहे का विचारावं, तितक्या साधेपणानं ती म्हणाली,

"आता खरं ऐकून काय करणार, बाबा? ठेवायला जागा आहे का?"

त्यांचा चेहरा बघून तिला बहुधा दया आली. तिनं वर सरकलेली बाही मनगटापर्यंत खाली ओढली, पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि हसली. सगळं ठीक होईल, म्हणाली, तुम्ही कंबर सांभाळा. छान हसली ती, कुठं उंचवटा नाही, कुठं तडा नाही. इतकी वर्षं हेच हसू बघून ते समाधानानं घरी यायचे. आज ते कसं केलंय, किती थरांचं आहे, ते त्यांना दिसलं. आपल्याच हाताखालचं काम ओळखू यावं तसं दिसलं. बस आली. त्यांनी पिशवी वर दिली. ती खिडकीशी बसली, आणि बस वळेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही.

ते चालत गोदामात परत आले तेव्हा काकू डब्यांच्या मधली जागा झाडत होत्या. पोरीसाठी उन्हात वाळवलेल्या चादरी कोपऱ्यात तशाच घडी घातलेल्या होत्या.

"काय म्हणाली?"

"सगळं ठीक होईल म्हणाली."

काकूंची केरसुणी थांबली. "आणि वाजलं कसं?"

एरवी तीनहात्यांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं. ते एका उलट्या डब्यावर बसले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. नखांच्या कडेला अजून थोडा निळा होता.

"पोकळ," ते म्हणाले.

काकूंनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि त्यांच्या शेजारच्या डब्यावर येऊन बसल्या.